दारावरचा शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार

फितुर!

दारावर कोरलंय. ड्रायव्हरच्या बाजूला, मुठीच्या खाली, वीतभर उंचीची अक्षरं. सकाळी आठला खाली उतरले, डबा एका हातात, किल्ली दुसऱ्या हातात — आधी वाटलं पक्ष्यानं घाण केली. दोन पावलं पुढे गेले आणि वाचलं. मग तशीच उभी. डबा किती वेळ हातात धरून उभी होते कोण जाणे.

माझी निळी! जुनी घेतली, पण माझ्या नावावर घेतली. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले तेव्हा सगळ्या इमारतीनं खिडकीत उभं राहून फुकटचा तमाशा बघितला होता. एकदा कुंपणाला नेऊन लावली, एकदा पाण्याच्या टाकीला. तरी शिकले. सहा वर्षं झाली. आजवर या गाडीवर जेवढे ओरखडे पडले ते सगळे मी स्वतः पाडलेले. हा पहिला दुसऱ्याचा.

कशासाठी ते उघड आहे. आमच्या फर्निचरच्या कारखान्यात करवतवाल्याची उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्याला महिना झाला. मशीनवर संरक्षक कव्हर नव्हतं. कारखाना म्हणतो, काम भराभर उरकायला त्यानं स्वतःच काढून ठेवलं. तो म्हणतो, सोमवारी कामावर आलो तेव्हा कव्हर नव्हतंच. कोणी काढलं ते मला ठाऊक नाही. पण मला माझी वही ठाऊक आहे! अठरा वर्षं स्टोअर सांभाळते. जुनं कव्हर रुंद फळ्यांना अडतं, मोठं द्या — अशी मागणी त्यानं तीनदा केली होती. तिन्ही माझ्या वहीत, तारखेनिशी. तिन्हींपुढे मॅनेजरसाहेबांचा शेरा: सध्या नको. शुक्रवारी सरकारी निरीक्षक आले. त्यांनी वही मागितली. मी दिली. बस, एवढंच केलं.

शुक्रवारी वही, सोमवारी फितूर.

सासूबाई काठी टेकत खाली आल्या. चष्मा पुसला, वाकून वाचलं.
"तू दीर्घ हवा," म्हणाल्या. "चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. बघ, एवढं मोठं काढायचं आणि ते अशुद्ध!"
मला हसूच आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी.

हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. याच कारखान्यात पॉलिशखात्याचे प्रमुख, बावीस वर्षं. रोज माझ्या शेजारी बसून जातात. आज फक्त म्हणाले, "झाकून टाक." आणि बस पकडायला चालू लागले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झाकणार नाही. झाकायला मी काय चोरी केली?

आज गाडी नेहमीच्या जागी आत लावली नाही. गेटसमोर लावली, दार रस्त्याकडे करून. वाचा! दोन्ही पाळ्यांनी वाचलं. गेटवाल्यानं मान खाली घातली. ट्रक भरणारे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर मी एकटी. अठरा वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून जेवले.

मॅनेजरसाहेब स्वतः स्टोअरमध्ये आले. कधी नाही ते खुर्ची ओढून बसले.
"मॅडम, गाडी बाहेर का लावलीत?"
"सगळ्यांना वाचता यावी म्हणून."
मग मूळ मुद्दा. चौकशी सत्तावीस तारखेला. त्या नोंदी अपघातानंतर भरल्या, करवतवाल्यानं गळ घातली म्हणून मागच्या तारखा टाकल्या — असं मी सांगायचं. "एवढ्या वर्षांत कोणाचं चुकत नाही? आम्ही समजून घेऊ."

म्हणजे खोटं मी बोलायचं, आणि समजून घेणार साहेब!

"साहेब, माझ्या वहीत खाडाखोड सापडली तर दाखवा," म्हटलं. उठले आणि खिळ्यांची खोकी मोजायला लागले. तीनदा मोजली, तीनदा वेगळा आकडा.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे आजही बसनंच गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. दोन दिवस मिरवला, पुरे झाला. त्यांचा शब्द माझ्या दारावर का म्हणून पोसू?

रंगवाल्याकडे गेले. चौकातल्या गॅरेजमधला, गाड्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यानं दार बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, मग परत दार.
"ताई, कारखान्याचे सगळे ट्रक माझ्याकडे येतात."
"मग?"
"मग काय! हे दार इथं उभं दिसलं तर ट्रक यायचे बंद होतील."

मी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं. तर खिडकीशी आला. आवाज खाली आणून म्हणाला, "घरीच करा. मी सांगतो."

आणि सांगितलं! पंधरा मिनिटं, खिडकीत वाकून, जणू रस्ता सांगतोय. मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, कागदाएवढा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा त्या थरातच आहे, घासून जातो. अडकलं तर रंगापर्यंत गेलाय, भरावा लागतो. आधी धुणं. मग मातीची वडी. मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून. मग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. सावलीतच. दार थंड असतानाच. कापड जमिनीवर पडलं की फेकून द्यायचं, झटकून वापरायचं नाही.

"आणि पेपरनं घासताना पाण्याकडे लक्ष ठेवा. पांढरं निघेल तोवर घासा. निळं निघालं की थांबा! निळं म्हणजे तुमचा रंग निघाला."

८ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस काम. दुपारी धुतली.

सहा वर्षं मी ही गाडी एका बादलीत नि एका फडक्यानं धूत आले. म्हणजे तीच माती तिलाच परत फासत आले! आज दोन बादल्या. एकीत साबण, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. दुसरीच्या तळाशी एवढी रेती बसली की बघून लाज वाटली. उन्हात बॉनेट निरखलं तर सगळीकडे बारीक गोल गोल चरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. हे मीच केलेले, प्रेमानं.

मग नख फिरवलं. फि — वेलांटी नीट, नख सरकलं. र — बहुतेक सरकलं, शेपटाला जरा अडकलं. आणि मधला तु! नख तिथं थेट आत गेलं. ज्यानं कोरलं त्याला मधल्या अक्षराशी काय राग होता कोण जाणे.

सासूबाई म्हणाल्या, "अशुद्ध आहे ना, म्हणून खोल."

९ फेब्रुवारी, रविवार

आज मातीची वडी. साबणाचं पाणी फवारायचं आणि वडी हलक्या हातानं सरकवत न्यायची. आधी खरखर, मग खरखर कमी, मग वडी काचेवरून गेल्यासारखी जाते. रंगात रुतून बसलेली धूळ ती उचलते. धुतलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या दारातून वडी काळी झाली! पुन्हा मळायची, नवी बाजू काढायची, पुन्हा सरकवायची. माझं मन लागलं हो. तास कसा गेला कळलं नाही.

रविवार, त्यामुळे सगळी इमारत खिडकीत. तळमजल्यावरचे काका मुद्दाम फेऱ्या मारत होते.
"गॅरेजला द्यायची ना, वहिनी. बायकांचं काम नाही ते."
"काका, तुमची गाडी कधी धुतली होती?"
"पावसात भिजते की!"
"मग तुम्हाला काय कळणार!"

सासूबाईंनी खुर्ची खाली मागवली. काठी मांडीवर आडवी घेऊन बसल्या, जणू बँकेचा पहारा. कोणी थांबून वाचायला लागलं की विचारतात, "काय चुकलंय यात, सांगा बघू?" अर्ध्या जणांना सांगता आलं नाही.

हे दिवसभर घरात. वर्तमानपत्र वाचत होते म्हणे. संध्याकाळी बघितलं तर पहिलंच पान वर होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सक्तीची रजा! "चौकशी होईपर्यंत विश्रांती घ्या, मॅडम." स्टोअरच्या किल्ल्या काढून घेतल्या. माझी पाण्याची बाटली, स्वेटर, उशी — सगळं खोक्यात घालून हातात दिलं. गेटपर्यंत सोबत माणूस.

पॉलिशखात्यावरून गेले. दार उघडं होतं. हे आत एका टेबलावर वाकलेले. मान वर केली नाही. स्पिरिटचा वास नाकात घेऊन बाहेर पडले.

बरं झालं. आता सकाळच्या सावलीत काम करता येईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पेपर.

भिजवलेला पेपर रबराच्या तुकड्याला गुंडाळला. भोवती चिकटपट्टी लावली. श्वास रोखून फि वर पहिला हात फिरवला — आणि चकाकणारं दार पांढुरकं, धुरकट झालं. सगळं घालवलं बहुतेक! पण तो म्हणाला होता, आधी बिघडल्यासारखं दिसेल, थांबू नका. पाणी पांढरं. घासलं. पुसलं. वेलांटी पुसट. पुन्हा पाणी, पुन्हा पेपर. वेलांटी गेली!

वेलांटी गेली तशी मी चेकाळले. फ चा दांडा धरला. मनात मॅनेजरसाहेबांशी भांडण चालू होतं, माझं उत्तर इतकं झकास जमलं होतं, आणि हात त्या तालावर — दाराला मधोमध जी उभारलेली कड आहे ना, तिच्यावरून हात गेला. एकदा, दोनदा, दहादा. खाली बघितलं तर बादलीत निळं पाणी.

निळं!

कडेवर बोटभर लांब, दोऱ्याएवढी करडी रेघ. रंग गेला, खालचं अस्तर दिसतंय. कोणी दुसऱ्यानं नाही केलं. मी. रागात.

पेपर फेकून दिला. पायरीवर बसून राहिले.
सासूबाई म्हणाल्या, "रडणार आहेस की घासणार आहेस, ते एक ठरव. मला ऊन लागतंय."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खांदा वर जात नाही. केस विंचरायला सासूबाई.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी निळीच्या वायपरखाली वर्तमानपत्राची पुरचुंडी. आत नखपॉलिशच्या बाटलीएवढी बाटली, निळा रंग. अगदी माझाच निळा! आणि बारीक ब्रश. चिठ्ठी नाही, नाव नाही. कागदाला गॅरेजचा वास.

ट्रकही राहू देत त्याचे. बाटलीही आली. माणूस भित्रा असतो, पण सगळा नसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

कडेवर रंग भरला. तु मध्येही भरला. थेंबथेंब, वाळू द्यायचा, परत थेंब. थर जरा उंच झाला पाहिजे, मग पेपरनं सपाट करायचा. माझ्या हातून तु च्या जागी फुगीर निळी अळी तयार झाली आहे. दोन दिवस वाळू दे.

तोवर फि च्या जागी कंपाउंड. फेसाच्या गोल पॅडवर वाटाण्याएवढं घेतलं आणि जीव खाऊन घासायला लागले. धुरकट जाईना. आणखी जोर. तरी जाईना.

"जोर लावू नकोस."

मागे हे! तेरा दिवसांत निळीजवळ फिरकले नव्हते. हातात कचऱ्याची पिशवी, म्हणजे निमित्त.
"पॉलिशला जोर लागत नाही. फेरे लागतात. छोटे ठेव. एकावर एक अर्धा. आणि सगळं दार एकदम नको, तळहाताएवढी जागा घे."

तसं केलं. आठ-दहा फेऱ्यांत धुकं फाटलं आणि त्यातून निळा वर आला. असा खोल निळा मी गाडी घेतली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता! "अहो, बघा!" म्हणून वळले.

पिशवी तिथंच ठेवून गेले होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहिते. उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

अकराच्या सुमारास तु ची अळी पेपरनं सपाट करत होते. एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल, खांद्याला पिशवी, चप्पल धुळीनं भरलेली. मी ओळखलं नाही. तिनंच सांगितलं — करवतवाल्याची बायको. मग आठवलं, अपघाताच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसली होती.

मला वाटलं, आभार मानायला आली असेल. खोटं कशाला लिहू? मी मनातल्या मनात, त्यात काय एवढं, म्हणायची तयारीसुद्धा केली.

"ताई, ते मी कोरलं," ती म्हणाली.
"काय?"
"दार. पहाटे आले होते."
तोंडातून एकच निघालं, "किल्लीनं?"
"नाही. त्यांच्या बॅगेतल्या स्क्रू-ड्रायव्हरनं."

आणि बोलायलाच लागली. साहेब घरी आले होते. कव्हर मीच काढलं असं त्यानं सांगितलं तर गेटवर बसायची नोकरी देतो म्हणाले, कायमची. डाव्या हातानं होण्यासारखी. हे दोघं तयार झाले होते. तेवढ्यात मी वही दिली. आता साहेब म्हणतात, स्टोअरवाल्या बाईंचं काय ते आधी बघा.

"तुमच्या खऱ्यानं त्यांची बोटं परत येणार आहेत का, ताई? नाही ना? मग आम्हाला ताटावरून का उठवता तुम्ही?"

मी इतकी चिडले! सगळं अंग तापलं. सोळा दिवस, रजा, खांदा, ती करडी रेघ, जेवणाचा तो रिकामा बाक — सगळं घशाशी आलं, आणि शब्द निघाले ते:
"तू दीर्घ असतो!"
"काय?"
"फितूर. तू दीर्घ लिहायचा असतो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही पिळवटला की कळेना, हसते की रडते. पायरीवर बसली. मीही बसले. मध्ये बादली.

मी विचारलं, "त्या मशीनवर आता कोण आहे, माहीत आहे?"
तिनं मान हलवली.
"मलाही नाव माहीत नाही. मागच्या आठवड्यात घेतलाय. कव्हर अजून नाही. मला रजेवर पाठवलं त्या दिवशी बघून आले."
ती उठली, दाराशी गेली, बोटांनी चाचपलं.
"जाईल ना हे?"
"बाकीचं जाईल. मधलं नाही जाणार. खोल आहे."
"तिथं पोचले तेव्हा मला रडू यायला लागलं होतं," ती म्हणाली. "म्हणून जोर लावला."

जाताना म्हणाली, त्यांना सांगू नका, त्यांना माहीत नाही. मी म्हटलं, नाही सांगणार. पण साक्ष देणार. पिशवी सावरून ती गेली.

सासूबाईंनी खुर्चीतून सगळं ऐकलं होतं. "पाणी तरी विचारायचं होतंस," एवढंच म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निळीला हात लावला नाही.

माझं चुकतंय का? ज्याच्यासाठी उभी राहिले त्यालाच नको आहे! नोकरी त्याची जाणार, घर त्याचं, बोटं त्याची. माझं काय? एक वही.

पण मग — वही खोटी असं म्हणू? अठरा वर्षं रोज सकाळी तारीख घातली. स्क्रू आले किती, गेले किती. एकही पान फाडलं नाही. कोणी विचारलं तर छातीठोकपणे सांगता यावं, म्हणून. आता कोणी विचारलंय.

आणि तो नवीन माणूस. त्याचीही बायको असेल.

नाही. देणार. त्यांच्यासाठी नसेल तर माझ्यासाठी देणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सासूबाईंनी चहा करून बादलीशेजारी ठेवला. "दार अर्धंच उजळलंय. बरं दिसत नाही." लागले कामाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं!

दार, मग दुसरं दार, मग बॉनेट. एकच दार चमकायला लागलं तर बाकीची गाडी दुसऱ्याची वाटायला लागली, म्हणून सगळीच केली. कोळ्याची जाळी गेली. टपावर ढग दिसतात. तळमजल्यावरच्या काकांनी बॉनेटमध्ये वाकून मिशा बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, माझीही एकदा —" म्हटलं, पावसात भिजवा.

तु पूर्ण गेला नाही. समोरून बघितलं तर काही नाही. तिरकं ऊन पडलं की पुसट सावली दिसते, माहीत असेल त्याला. कडेवरची माझी रेघही तशीच, जरा गडद. राहू दे.

शेवटी वॅक्स. बोटभर घेऊन पातळ लावायचं, धुकं धरेपर्यंत थांबायचं, मऊ कापडानं पुसायचं. मला वाटायचं वॅक्स म्हणजे चिलखत. रंगवाल्याला विचारायला गेले, आता कोणी कोरलं तर? तो हसला. "कोरलं तर कोरलं जाणार, ताई. वॅक्सनं ऊन-पाऊस थांबतो. माणूस नाही." दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायचं. दर वेळी.

लावीन. मला कुठं जायचंय!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भांडण. बावीस दिवस तुंबलेलं आज फुटलं. जेवताना.

मी म्हटलं, "परवा चौकशी. तुम्ही येणार की बसनं?"
"नको जाऊस," हे म्हणाले.
"का? माझी गेली तर तुमचीही जाईल म्हणून?"
"तसं नाही."
"मग कसं? मी खोटं बोलू?"
"खरंच बोल. पण ते कुठवर जाईल ते तुला माहीत नाही."
"मग तुम्ही सांगा! कोड्यात नका बोलू. बाहेरच्या बाईनं तोंडावर येऊन सांगितलं, मी कोरलं म्हणून. तिच्यात तेवढी धमक होती. घरातल्या माणसाला तीन आठवडे माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं नाही!"

हे भात कालवत राहिले.

"भित्रे आहात तुम्ही," मी म्हटलं. स्पष्ट म्हटलं. सासूबाईंसमोर. एकतीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. सासूबाई मला रागावतील वाटलं. त्या लेकाकडे बघत होत्या. तेच मला जास्त लागलं.

हे उठले, हात धुतले, स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं.

पश्चात्ताप नाही. थोडा आहे. पण शब्द परत घेणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी

साडी इस्त्रीची. चष्मा पर्समध्ये. तारखा पाठ आहेत, तरी कागदावर लिहून घेतल्यात.

आत्ता खिडकीतून बघितलं — हे निळीत, माझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलेत. पट्टासुद्धा लावलाय. ठेवणीतला शर्ट. मला हाक मारली नाही, नुसते बसलेत.

म्हणजे भीती गेली? की माझ्या बोलण्याचा राग मानून? विचारणार नाही. आले हे पुष्कळ झालं. निघते.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी

माझं नाव पुकारायच्या आधी हे उठले.

म्हणाले, "कव्हर त्यानं काढलं नाही. मी काढलं. शनिवारी फिटर रजेवर होता, रुंद फळ्या अडल्या होत्या, माझ्या खात्याची ऑर्डर होती. साहेब म्हणाले, काढ. सोमवारी परत बसवायचं होतं. विसरलो असं सांगितलं असतं, पण विसरलो नव्हतो. काम चांगलं चाललं होतं, म्हणून बसवलं नाही."

करवतवाला समोरच बसला होता. मांडीवर तो हात.

मग निरीक्षकांनी माझं नाव पुकारलं. उठले. तारखा सांगितल्या. तिन्ही.